संडासातला दिवा

स्वयंपाकघरामागची तार तिसऱ्यांदा जळाली तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. सकाळी नऊला मला ऑडिटला पोचायचं होतं. तरी मी लॅपटॉपसमोर बसून पुटपुटत होते, "आता काय झालं गं बाई तुला?" हे त्या तारेला. घरातल्या तारा शाबूत होत्या. नवरा आणि मुलगा आतल्या खोलीत पंखा फुल करून गाढ झोपले होते. जळालेली तार एका लघुग्रहाच्या पोटात होती, आणि तिच्या आसपास बान्ही, मीप आणि आणखी सहा जण निवांत फिरत होते.

खेळाचं नाव 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड'. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लेई एंटरटेनमेंटनं तो बनवला, ३० जुलै २०१९ ला तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. दिवाळीच्या सुट्टीत मुलासाठी घेतला होता. त्याला आठ दिवसांत कंटाळा आला. "आई, यात कोणाला मारायचंच नसतं," म्हणाला आणि गोळीबाराकडे परतला. पैसे वाया जायला नकोत म्हणून मी एकदा उघडून बघितला. बाजारातून आणलेली भाजी मुलं खात नाहीत तेव्हा आपणच संपवतो, तसं. ती भाजी मी अजून संपवतेय.

तीन माणसं लघुग्रहाच्या मधोमध एका यंत्रातून छापून बाहेर पडतात. त्यांना ड्युप्लिकंट म्हणतात. आजूबाजूला दगड, माती, थोडं पाणी आणि श्वासाला पुरेल इतकीशीच हवा. खणायचं, खोल्या बांधायच्या, खायचं पिकवायचं, पाण्यातून प्राणवायू काढायचा. आणि हे सगळं करायला वीज लागते. म्हणजे तारा ओढायच्या. खेळातला एक दिवस ६०० सेकंदांचा, त्याला सायकल म्हणतात. विसाव्या-पंचविसाव्या सायकलपर्यंत माझा संसार बरा चालला होता. मग तार जळायला लागली.

जळते म्हणजे काय, तर ठिणग्या उडतात, त्या तुकड्यावर लाल खूण येते, आणि कोणीतरी हातातलं काम टाकून दुरुस्तीला धावतं. मी पहिल्यांदा तेवढा तुकडा काढून नवा घातला. दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंचे तुकडेही बदलले. म्हटलं, सांधा सैल असेल. खेळात सांधा सैल नसतो, पण माझ्या डोक्यात होता. तिसऱ्यांदा वाटलं, वीज कमी पडत असेल. म्हणून कोळशाच्या दोन जनित्रांच्या जोडीला तिसरं बसवलं आणि शेतीच्या कडेला दोन बॅटऱ्या ठेवल्या. तार जळायची थांबली नाहीच, वर त्या बॅटऱ्यांच्या गरमीनं शेतातलं मीलवूड वाढायचं थांबलं. त्या झाडाला तीस अंशांच्या वर सोसत नाही. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि जाता जाता बंबानं शेतही तुडवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. रोज येतो. वय त्र्याहत्तर, भीमाकाठच्या आमच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आता चुलत भाऊ बघतो आणि अप्पा खुर्ची टाकून त्याच्या चुका बघतात.

"आवाज का असा? झोपली न्हाईस?"

"तार जळतेय अप्पा. तिसऱ्यांदा."

"घरातली?" त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "मेन बंद कर आधी. वास येतोय का?"

"घरातली नाही हो. खेळातली."

पलीकडे शांतता. मग, "व्हिडिओ लाव."

मी फोन लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला. एफ-टू दाबलं की बाकी सगळं फिकं होतं आणि फक्त वीज दिसते: जनित्रं, बॅटऱ्या, तारांचं जाळं. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं रेंज गेली.

"परतीची तार कुठाय?"

"म्हणजे?"

"आगं, एकच तार दिसतीया. फेज गेला, न्यूट्रल कुठाय? करंट जाऊन परत कसा येणार?"

मी सांगितलं, इथे परत यायचं नसतं. एकच तार, तिच्यावर सगळं.

"अर्थिंग?"

"नाही."

"शॉक बसतो का त्या माणसांना?"

"तारेचा नाही बसत. ती जळत्या तारेला हात लावून दुरुस्त करतात."

"मग कसली वीज ती," अप्पा म्हणाले. पण फोन ठेवला नाही.

त्यांना आणखी एका गोष्टीचा राग आला, आणि तो मला पटला. मी त्यांना दाखवलं की जनित्र पार डाव्या टोकाला आहे आणि पाण्याचा पंप उजव्या टोकाला, मधे सत्तर-ऐंशी तुकडे तार. पंप तरी पूर्ण ताकदीनं चालतो. या खेळात व्होल्टेजच नाही, तर पडणार कुठून? आमच्याकडे लाइनीच्या शेवटच्या पोलावर ज्याचं रान आहे, त्याच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज एकशेसाठ-सत्तरवर येतं. मोटार घुमते, पाणी उचलत नाही, जास्त करंट ओढते आणि गरम होऊन जळते. अप्पांच्या दुकानात येणारी माणसं त्या शेवटच्या पोलावरचीच जास्त असायची. डीपीशेजारच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, रानवाल्याची मोटार दहा-दहा वर्षं दुकानाचं तोंड बघायची नाही. "तुझ्या खेळात टेलएंडवाला न्हाईच की," अप्पा म्हणाले. "सगळेच डीपीशेजारी."

जळालेली मोटार दुकानात यायची तेव्हा वास आधी यायचा. वॉर्निश करपल्याचा, जरा गोडसर, घशात बसणारा वास. शेतकरी एम-एटीच्या मागं बांधून आणायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "बघा अप्पा, गेल्या सालीच वाइंडिंग केलंया तुम्ही." म्हणजे दोष आधीच अप्पांच्या पदरात. अप्पा वाद घालायचे नाहीत. झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड मारायचे. मी शाळेतून आले की बाजूला उभी राहून बघायचे, म्हणून ते मलाही सांगायचे. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या असतील तर मोटारीवर ओझं जास्त झालं: पंप जाम, नाहीतर व्होल्टेज कमी. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी नव्यासारखी तांबूस लखलखीत असेल, तर एक फेज गेला होता आणि मोटार दोनवर रेटत राहिली. एकाच ठिकाणी तांबं वितळून गोळी झाली असेल तर तिथलं इन्सुलेशन फाटलं, शॉर्ट झालं. कॉइल वाचायची असते. मग त्या शेतकऱ्याला ते विचारायचे, "परवा रात्री फेज गेलता का?" आणि तो चपापून म्हणायचा, "व्हय की. तुम्हाला कसं कळलं?"

"मोटार जळल्याचं कारण मोटारीत न्हाई घावत," हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. "मोटार नुस्ती सांगती, भाईर काय झालं ते."

मी सीए फर्ममध्ये वीस वर्षं आहे आणि हे वाक्य मनातल्या मनात शेकडो वेळा वापरलंय. खर्चाचं एखादं खातं अचानक फुगलं की नवीन पोरं त्या खात्यातच खोदत बसतात. मी म्हणते, बाहेर बघा, काय झालंय ते. आणि तरी तीन रात्री मी जळालेल्या तुकड्यातच खोदत बसले होते.

"कुठं जळतंय ते सोड," अप्पा म्हणाले. "तार किती वॅटची? आणि लोड किती?"

साधी तार एक हजार वॅटची. लोड किती, ते मी मोजलंच नव्हतं. सायकल पंचवीसपर्यंत मी जे सुचेल ते त्याच तारेला जोडत गेले होते. गावात आकडे टाकतात तसं, फक्त अधिकृत. जेवण झाल्यावर जुनी हिशोबाची वही घेतली आणि मुलाच्या पेन्सिलीनं लिहिलं. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा: ग्रिल ६०, दोन फ्रिज २४०, मायक्रोब मशर २४०, संशोधनाचं टेबल ६०, सुपर कॉम्प्युटर १२०, चार दिवे ४०. बेरीज ७६०. हवा आणि पाणी: पाण्यातून प्राणवायू काढणारा इलेक्ट्रोलायझर १२०, हवेचे दोन पंप ४८०, पाण्याचा पंप २४०. बेरीज ८४०. एकूण १,६०० वॅट, हजाराच्या तारेवर.

मग रोज का जळत नव्हती? कारण सगळं एका वेळी चालत नाही. ग्रिल फक्त स्वयंपाकी उभा असताना वीज खातं, सुपर कॉम्प्युटर फक्त कोणी त्यावर बसल्यावर. हवेचे पंप हवा असेल तर चालतात. एरवी लोड सातशे-आठशेवर असतो. पण एखाद्या वेळी मीप स्वयंपाक करतोय, बान्ही संशोधन करतेय, मशर गिरगिरतोय आणि तिन्ही पंप सुरू, असा योग जुळला की तार हजाराच्या वर जाते. काही सेकंद सहन करते आणि मग सर्किटमधल्या सगळ्यात कमकुवत तारेचा कुठलाही एक तुकडा पकडून खेळ त्यावर घाव घालतो. कुठलाही. फासे टाकल्यासारखा. स्वयंपाकघरामागेच तीनदा पडला हा निव्वळ योगायोग, आणि त्या योगायोगापायी मी तिथली भिंत दोनदा फोडली होती.

खेळात तारेवर माऊस नेला की दोन आकडे दिसतात. एक आत्ताचा लोड, एक संभाव्य लोड, म्हणजे सगळं एकदम चालू झालं तर किती होईल तो. मी आजवर पहिलाच बघत होते. दुसऱ्या आकड्यावर नजर जायची, पण 'संभाव्य' म्हणजे शक्यता, असं समजून मी सोडून द्यायचे.

हा संभाव्य लोड काय चीज आहे, ते आमच्या गावाला पाठ आहे. मी नुकतीच नोकरीला लागले होते, २००५ च्या आसपास, तेव्हा खेड्यांत बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाइट येणार, तेव्हा थंडीत रानात जाऊन स्टार्टर दाबणार कोण? म्हणून प्रत्येकानं पेटीत ऑटो स्विच बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सोय तर झाली. पण मोटार सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एरवी माणसं आपापल्या वेळेला जाऊन बटण दाबायची, कोणी दोनला, कोणी सव्वादोनला, कोणी झोपून राहायचा. ऑटोमुळे एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटारी एकाच सेकंदाला उठायच्या. डीपी हूं करायचा, धाडकन आवाज यायचा आणि गाव पुन्हा अंधारात. मग नवा डीपी येईपर्यंत पंधरा दिवस ऊस वाळायचा. सकाळी चावडीवर चर्चा व्हायची की कोणाची मोटार जास्त एचपीची आहे. पेपरात, फलकांवर 'ऑटो स्विच काढा' अशी आवाहनं यायची. सगळे वाचायचे. दुसऱ्यानं काढावा अशी सगळ्यांची इच्छा असायची. अप्पांनी आमच्या विहिरीवरचा काढला होता. रात्री दोनला स्वतः जायचे, हातात काठी आणि बॅटरी. आई चिडायची.

माझ्या लघुग्रहावर हेच झालं, हुबेहूब. कोळसा संपला. खेळात हॅच नावाचे गोल प्राणी असतात, ते दगड खातात आणि कोळसा हगतात. माझे हॅच मी खायला न घालता उपाशी ठेवले होते. जनित्रं बंद पडली, बॅटऱ्या रिकाम्या झाल्या, सगळं थंड. मग कोणीतरी खणून कोळसा आणला आणि जनित्रात टाकला. त्या क्षणी दोन्ही फ्रिज, तिन्ही पंप, इलेक्ट्रोलायझर, मशर, दिवे, सगळं एकदम उठलं. तीन जनित्रांची मिळून १,८०० वॅट वीज आणि हजाराची तार. मी डोळ्यांनी बघितलं. तिसरं जनित्र जोडून मी तारेला आराम दिला नव्हता, जास्त ओझं लादायची सोय करून दिली होती.

त्यानंतर मी रीतसर कामाला लागले. हेवी-वॉट नावाची जाडी तार असते, २० किलोवॅटची. दिसायला कुरूप, आसपास राहणाऱ्यांचं मन खट्टू करते आणि भिंतीतून आरपार जात नाही. त्यासाठी वेगळी प्लेट बसवावी लागते. जनित्रं आणि बॅटऱ्या हेवी-वॉटवर घेतल्या, एका बाजूच्या उभ्या बोगद्यात. तिथून प्रत्येक विभागाला एक लहान ट्रान्सफॉर्मर, एक किलोवॅटचा. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे साधी तार. आता पलीकडे कितीही यंत्रं जोडा, ट्रान्सफॉर्मर हजाराच्या वर देतच नाही. यंत्रं अडखळतील, दिवे मिणमिणतील, पण तार जळणार नाही. एक ट्रान्सफॉर्मर स्वयंपाकघर-प्रयोगशाळेला, ७६०. एक हवा-पाण्याला, ८४०. धातूची भट्टी एकटीच १,२०० वॅट खाते, ती थेट हेवी-वॉटवर. दोन किलोवॅटची चांगली तार करायला शुद्ध धातू लागतो, शुद्ध धातूला भट्टी लागते आणि भट्टी साध्या तारेवर चालत नाही. हा गुंता सोडवायला जाडी, ओबडधोबड हेवी-वॉट हाच उपाय, कारण ती कच्च्या खनिजाची बनते.

अप्पांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला आणि मागोमाग व्हॉइस मेसेज: "डीपी वेगळे केलेस हे बरं केलंस. बसबार जाड घे." मी तो मेसेज नवऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून कुठल्या गावाला वीज देताय?"

दहा-बारा सायकली सुखात गेल्या. मग स्वयंपाकघरामागची तार पुन्हा जळाली.

आता मात्र मी हात टेकले. हे शक्यच नव्हतं. एक किलोवॅटच्या ट्रान्सफॉर्मरमागे एक किलोवॅटची तार, ती जळूच शकत नाही. खेळातच बग आहे, असं मी मुलाला ठामपणे सांगितलं. आपल्या व्हाउचरमध्ये चूक निघत नाही तेव्हा क्लायंट सॉफ्टवेअरला दोष देतो, अगदी त्याच सुरात. मुलगा म्हणाला, "आई, लाखो लोक खेळतात हा गेम." हे मी क्लायंटला म्हणते ते वाक्य.

ट्रान्सफॉर्मर पालथा बसला असेल म्हणून बघितलं. सरळ होता. पलीकडे चुकून बॅटरी राहिली असेल, कारण लहान बाजूला बॅटरी असली तर ती ट्रान्सफॉर्मरला न विचारता जादा वीज सोडते. नव्हती. मग स्पेस बार दाबून वेळ थांबवला. खेळाची ही एक गोष्ट अप्पांना मनापासून आवडली होती. त्यांच्या दुकानात कधी वेळ थांबला नाही, शेतकरी उशाशी उभा आणि ऊस वाळतोय. थांबलेल्या लघुग्रहावर स्वयंपाकघराच्या तारेवर माऊस नेला. संभाव्य लोड: १.६१ किलोवॅट.

वहीत ७६० होतं.

म्हणजे दोन्ही सर्किटं कुठेतरी एकमेकांत मिसळली होती. दोन ट्रान्सफॉर्मर एकाच सर्किटवर आले की ते मिळून दोन किलोवॅट देतात, आणि हजाराच्या तारेला तेवढं पुरे. इथवर कळलं. पण कुठे? पडदाभर तारा पसरलेल्या, एका रंगाच्या, भिंतींमागून, जिन्यांमागून, एकमेकींना ओलांडत. घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं?

अप्पा असते तर अर्धं-अर्धं करत गेले असते. घराचं वायरिंग शॉर्ट असलं की ते सिरीज लॅम्प लावायचे, लाकडी पाटीवर बल्ब आणि दोन तारा. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट आहे. मग अर्ध्या घराचा फ्यूज काढायचा. बल्ब मंदावला तर दोष त्या अर्ध्यात, नाही मंदावला तर उरलेल्यात. पुन्हा त्याचं अर्धं. कितीही मोठं घर असलं तरी सहा-सात वेळा काढघाल केली की एका खोलीतल्या एका बोर्डावर येऊन थांबतं. मी तेच करायला घेतलं होतं. एक तुकडा काढायचा हुकूम दिला, वेळ सुरू केला, कोणी येऊन काढेल याची वाट बघत बसले. तेवढ्यात वहीकडे पुन्हा नजर गेली.

७६० आणि ८४०. सोळाशे. पडद्यावर सोळाशे दहा.

बेरीज जुळत नसली की आधी फरकाचा आकडा बघायचा, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. फरकाला नऊनं भाग गेला तर कोणीतरी दोन अंक उलटसुलट लिहिलेत, ४५ चे ५४ केलेत. भाग गेला नाही तर तेवढ्याच रकमेची एखादी नोंद सुटली किंवा दुबार झाली. दहा. नऊनं जात नाही. दहाची नोंद शोधायची. माझ्या सगळ्या वसाहतीत दहा वॅटची एकच वस्तू असते. दिवा. वहीत दिवे चार. पाचवा कुठला?

आणि मग आठवलं. संडासातला.

हेवी-वॉटचं सगळं काम झाल्यावर, हातात दहा-बारा सायकली मोकळ्या असताना, मी खालच्या मजल्यावरच्या संडासांच्या खोलीत एक दिवा लावला होता. गरज काहीच नव्हती. उजेडात ड्युप्लिकंटांचं काम जरा भराभर होतं, म्हणून स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत दिवे लावतात. संडासात कोणी लावत नाही. पण मला ते बघवत नव्हतं. बान्ही रोज सकाळी रांगेत उभी राहणार आणि आत काळोख. आमच्या गावच्या घराचा संडास परसात होता, गोठ्याच्या पलीकडे, आणि त्यात दिवा नव्हता. पावसाळ्यात रात्री जायचं म्हणजे एका हातात टमरेल, एका हातात बॅटरी, आणि बॅटरीचा उजेड आधी कोपऱ्यात मारायचा, बेडूक आहे की आणखी काही ते बघायला. आई दर वर्षी म्हणायची, "गावाच्या मोटारी चालू करता, तेवढा एक होल्डर लावा की." अप्पा म्हणायचे, "लावतो." दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे संडासात होता. मी दहावी होईपर्यंत होता.

तर या दिव्याला वीज द्यायला मी हवा-पाण्याच्या लाइनीवरून तार ओढली होती, माऊस दाबून सरळ खाली. वाटेत स्वयंपाकघराची तार आडवी जात होती. शेजारून गेली तर या खेळात तार तारेला जोडली जात नाही. पण ओढताना तिच्यावरून नेली की जोडली जाते. ओलांडायचं असेल तर तिथे वायर ब्रिज बसवावा लागतो. मी बसवला नव्हता. एका चौकात दोन गावांची वीज एकत्र झाली होती, दहा वॅटच्या दिव्यापायी. आणि जळत होतं वर, तीन मजले वर, स्वयंपाकघरामागे.

मी त्या चौकापर्यंत पडदा सरकवत गेले आणि रागारागानं दिव्याच्या तारेचे चौकाच्या वरचा एक आणि खालचा एक असे दोन तुकडे काढून टाकले. मीप खाली आला, हातोडा फिरवला, परत गेला. संभाव्य लोड ७६०. दुसऱ्या बाजूला ८४०. वहीशी तंतोतंत. वहीवर मी सवयीनं बरोबरची खूण केली आणि तारीख टाकली.

अप्पांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. दहा वॅटच्या फरकाचं ऐकून ते खूश झाले. "हे माझ्यानं न्हाई जमलं असतं," म्हणाले. "मी टंग टेस्टर लावून एकेका तारेचा करंट मोजत बसलो असतो." संडासाचं मी सांगितलं नाही. नुसतं 'एक दिवा' म्हणाले.

पुढे भट्टी चालली, शुद्ध तांबं निघालं, दोन किलोवॅटची तार आली. स्मार्ट बॅटरी बसवली. ती भरली की जनित्रांना थांबायचा इशारा देते, म्हणजे कोळसा उगाच जळत नाही. हॅचना पोटभर खायला मिळायला लागलं. चाळीसेक सायकली गेल्या असतील. वार्षिक परीक्षा संपलेली, म्हणून मुलगा संध्याकाळी शेजारी येऊन बसला आणि वसाहत वरून खाली फिरवून बघायला लागला. पोरं जसं फ्रिज उघडून नुसतं बघतात तसं.

"आई, हा लाइट का बंद आहे?"

संडासातला. तार काढली होती ती काढलीच. चाळीस सायकली बान्ही अंधारात.

"काढावी लागली वायर. दोन्ही सर्किटं जोडली जात होती."

त्यानं एफ-टू दाबलं, जवळ जाऊन बघितलं. "पण तू दोन पीस काढलेस. वरचा एकच काढला असतास तरी सर्किटं सुटली असती. लाइट किचनच्या लाइनवर चालला असता. सातशे सत्तर झालं असतं फक्त."

खरं होतं. रागात दोन्हीकडून कापलं होतं.

"आणि टॉयलेटमध्ये लाइटची गरजच नसते," तो म्हणाला. "बोनस मिळत नाही काही."

"लाव तो," मी म्हटलं.

त्यानं खालचा तुकडा टाकला. पंचवीस किलो तांब्याचं खनिज. मीप कुठेतरी वर होता, शिडीनं उतरत उतरत यायला त्याला बराच वेळ लागला.